आधी आभार, मग अरिष्ट

एका पाळकावर एका वर्षात किती माणसं पुरायची वेळ येऊ शकते? मार्टिन रिंकार्ट नावाच्या जर्मन पाळकाने १६३७ साली सुमारे ४,४८० पुरली. वर्षाच्या दिवसांनी भागलं तर रोजचे बारा होतात. पण साथ काही सरासरी बघून येत नाही. ती भरात होती तेव्हा एकेका दिवशी चाळीस-पन्नास जणांसाठी त्याला अंत्यविधीची प्रार्थना म्हणावी लागली. पुढे पुढे तर लांब चर खणून प्रेतं तशीच लोटायची पाळी आली.

गावाचं नाव आयलेनबुर्ग. लाइपझिगपासून जवळच, मुल्दे नदीच्या काठी. गावाला तटबंदी होती आणि तीच भोवली. तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतली माणसं जीव मुठीत धरून तटाच्या आत आली आणि त्या दाटीत प्लेगने हातपाय पसरले. सुमारे आठ हजार माणसं दगावली. गावचा वरिष्ठ धर्माधिकारी हवापालटासाठी म्हणून बाहेर पडला, तो काही केल्या परतेना. उरलेल्या दोन पाळकांना साथीनेच गाठलं आणि त्यांनाही रिंकार्टनेच मूठमाती दिली. मे महिन्यात त्याची बायको गेली. प्लेग ओसरतो न ओसरतो तोच दुष्काळ आला. मेलेलं मांजर किंवा कावळा दिसला की तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसं रस्त्यावर त्यासाठी झोंबत.

आता सांगा, या माणसाचं नाव जगाने कशासाठी लक्षात ठेवलं असेल? शोकगीतासाठी? विलापासाठी? नाही हो. आभाराच्या गाण्यासाठी! 'नुन डांकेट आल्ले गॉट' हे जर्मन भाषेतलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध उपकारस्तुतीचं गीत. त्याचा कर्ता हाच.

खरी गंमत पुढेच आहे. हे गीत १६४८ सालचं, असं लोक पुष्कळ वर्षं धरून चालले होते. त्या साली वेस्टफालियाचा तह झाला आणि तीस वर्षांचं युद्ध एकदाचं संपलं. तेव्हा पाळकाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल आणि देवाचे आभार मानले असतील, असा सरळ हिशोब. आपलंही तसंच असतं की. माणूस दुखण्यातून उठतो आणि मग नवस फेडतो. संकट आधी, आभार मागाहून.

कागद मात्र वेगळंच बोलतात. हे गीत रिंकार्टच्या एका छोट्या भक्तिपुस्तकात होतं आणि ते पुस्तक १६३६ चं. त्या आवृत्तीची प्रत आज शिल्लक नाही. १६६३ ची आहे, आणि तिच्यात या गीताच्या डोक्यावर लिहिलंय, जेवणाच्या वेळची लहानशी प्रार्थना. म्हणजे प्लेगच्या आदल्याच वर्षी हे शब्द बहुधा छापून तयार होते! आणि तेही कुठल्या सोहळ्यासाठी लिहिलेले नव्हते. ताटावर बसलेल्या पोरांनी घास घेण्याआधी म्हणायचे होते.

१६३६ तरी सुखाचं होतं का? रिंकार्ट १५८६ साली आयलेनबुर्गातच जन्मला. बाप लाकडी पिंपं बनवायचा. पोरगा लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत शिकला, तिथल्या गायकवृंदात गायला, आणि १६१७ साली पाळक होऊन आपल्याच गावी आला. पुढच्याच वर्षी युद्धाला तोंड लागलं. ते १६४८ ला थांबलं आणि १६४९ च्या डिसेंबरात रिंकार्ट वारला. गावातल्या त्याच्या सेवेची जवळजवळ सगळी वर्षं युद्धाने गिळली; अलीकडे एक आणि पलीकडे एक, एवढीच काय ती शांततेत गेली. त्याच्या मुलांनी सैनिक न दिसलेला उन्हाळा पाहिलाच नसेल. त्या मुलांच्या तोंडी बापाने कुठले शब्द दिले? आईच्या उदरात होतो तेव्हापासून आजपर्यंत देवाने आमचं असंख्य तऱ्हांनी भलं केलं, अशा अर्थाचे.

हे आलं कुठून? एवढं धाडस एकट्या माणसाच्या डोक्यातून निघत नाही. गीताचं पहिलं कडवं ज्यावर बेतलंय तो मजकूर बेन सिरा नावाच्या यहुदी गुरूचा. त्याने तो जेरुसलेमात ख्रिस्तपूर्व १८० च्या सुमारास लिहिला. कॅथलिक बायबलमध्ये त्याचा ग्रंथ आहे. प्रोटेस्टंट तो मूळ शास्त्राबाहेर ठेवतात, तरी लूथरपंथी घरांत वाचला जायचा. त्या जागी बेन सिरा मंदिरातला देखावा रंगवतो. महायाजक वेदीपाशी उभा आहे, कर्णे वाजताहेत, लोक भुईवर पालथे पडलेत. तो सोहळा आटोपतो आणि मग आभाराचे शब्द येतात. तेव्हा रिंकार्टच्या टेबलामागे एक वेदी आहे. चला, तिच्यापर्यंत जाऊ, कारण तिथे एक भन्नाट हिशोब दडलाय.

बायबलमधलं लेवीय हे पुस्तक म्हणजे यज्ञांची नियमावली. बहुतेक वाचक तिथे पेंगतात. पण सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचे नियम वाचा. जनावर अर्पायचं, सोबत तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, पातळ चपात्या, मळलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि शिवाय खमीर घातलेल्या भाकरी. पुढे अट अशी की मांस त्याच दिवशी संपलं पाहिजे, सकाळपर्यंत कणभरही उरता कामा नये. नवसाचा किंवा स्वखुशीचा यज्ञ असेल तर दुसऱ्या दिवशीही खायची मुभा आहे. आभाराच्या यज्ञाला मात्र नाही!

असं का बरं? आता भाकरी मोजा. नंतरच्या यहुदी परंपरेने हा आकडा चाळीसवर नेला. चार प्रकार, प्रत्येकाच्या दहा. त्यांतल्या चार याजकाच्या, उरल्या छत्तीस. एक माणूस, अख्खं जनावर, छत्तीस भाकरी आणि मुदत रात्रीपुरती. एकट्याने जमेल? भाऊबंद, शेजारीपाजारी, ओळखीचे-बिनओळखीचे, सगळ्यांना हाक मारावीच लागणार. आणि एवढी माणसं जेवायला बसली की विचारणारच, कशाबद्दल हे? मग यजमानाने सांगायचं की बुडत होतो, वाचलो. यहुदी भाष्यकारांनी या नियमाचं हेच मर्म सांगितलंय. मला तर हे डोकं लढवणाऱ्याला दंडवत घालावासा वाटतो. आभार मनातल्या मनात मानून मोकळं होता येऊ नये, म्हणून केवढी तजवीज!

हा यज्ञ कुणी आणायचा? समुद्रातून सुखरूप परतलेल्याने, वाळवंट पार केलेल्याने, आजारातून उठलेल्याने आणि तुरुंगातून सुटलेल्याने. ही चौघांची यादी १०७ व्या स्तोत्रातून निघाली आहे.

पुढे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर जाळलं. वेदी गेली, यज्ञ गेले. पण ताट? ते आपल्या कोकणात बघा. अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे आपले यहुदी, नवस फळला किंवा दुखण्यातून माणूस उठला की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला ओला नारळ, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं. एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन प्रार्थना होते आणि मग ते सगळ्यांना वाटलं जातं. हजारो मैलांवर, वेदीशिवाय, जनावराशिवायही आभाराला पंगत लागतेच.

असो, इथवर आभार संकटानंतरच होते. ते संकटाच्या आधी कसे सरकले?

त्यासाठी स्तोत्रसंहिता उघडू. एकूण दीडशे स्तोत्रं, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा कशाचा? गाऱ्हाण्यांचा! देवाच्या तोंडावर केलेल्या तक्रारींचा. तेरावं स्तोत्र घ्या, जेमतेम सहा वचनांचं. पहिल्या दोनच वचनांत देवाला चार वेळा विचारलंय, किती काळ? आणखी किती काळ? पुढच्या दोन वचनांत याचना आहे, बघ माझ्याकडे, नाहीतर मरतो. आणि शेवटच्या दोन वचनांत तोच माणूस गातोय, देवाने माझं भलं केलं म्हणून!

मध्ये काय घडलं? शत्रू मेला? ताप उतरला? निरोप आला? वचनं पुन्हा पुन्हा वाचून बघा, काहीही घडलेलं नाही. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधल्या मोकळ्या जागेत माणूस रडण्यातून गाण्यात उडी मारतो. ही उडी एकट्या तेराव्या स्तोत्रात नाही, कितीतरी गाऱ्हाण्यांत आहे. बाविसाव्यात तर ती थक्क करते. देवाने मला टाकलं, इथून सुरुवात आणि शेवटाकडे गोरगरीब पोटभर जेवताहेत. बघा, पुन्हा पंगत!

या उडीने अभ्यासकांना बरंच छळलं. १९३४ साली योआखिम बेगरिख या जर्मन विद्वानाने एक सुरेख तर्क मांडला. गाऱ्हाणं आणि स्तुती यांच्या मधे मंदिरातला याजक देवाच्या वतीने दोन शब्द बोलत असावा, की भिऊ नको, मी आहे. ते शब्द कागदावर आले नाहीत, कारण ते भक्ताचे नव्हते. तुम्ही-आम्ही वाचतो ती संभाषणाची एकच बाजू!

हा तर्क सगळ्यांना पटलेला नाही. पण मला त्यासाठी बायबलमधल्या हन्नाची गोष्ट पुरते. मूल होत नाही म्हणून ती मंदिरात रडतेय. ओठ हलताहेत, आवाज नाही. म्हातारा याजक एली म्हणतो, बाई, दारू चढलीय का तुला? ती म्हणते, नाही महाराज, मी मन मोकळं करतेय. मग एली म्हणतो, शांतीने जा, देव तुझं मागणं पुरवो. बास, एवढंच. ती उठते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. लक्षात घ्या, दिवस जायचे अजून बाकी आहेत. बदललं काहीच नाही, तरी बाई जेवली.

योना संदेष्ट्याची तर तऱ्हाच न्यारी. माशाच्या पोटात अंधारात, डोक्याभोवती समुद्रशेवाळ, आणि हा पठ्ठ्या आभाराचं स्तोत्र म्हणतोय! मासा त्याला किनाऱ्यावर ओकून टाकतो तो त्यानंतर.

आता ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा बघा. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात, म्हणजे येशूनंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षांत, एका जेवणाचं वर्णन आहे. रात्र कुठली, तेही पौल नेमकं सांगतो. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं ती. धरून देणारा पंगतीतच बसलेला. आणि येशू काय करतो? भाकर हातात घेतो, आभार मानतो, मोडतो, वाटतो. मत्तय आणि मार्क सांगतात की जेवण उरकून ते गीत गाऊन बाहेर पडले. बहुधा वल्हांडणाच्या जेवणाला म्हणायची ती ठरलेली स्तोत्रं, ११३ ते ११८. त्यातलं शेवटचं सुरूही आभाराने होतं आणि संपतंही आभाराने. त्यानंतर गेथशेमाने बाग, घाम, अटक. दुसऱ्या दिवशी क्रूसावर त्याच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, त्याची पहिली, टाकून दिल्याची ओळ.

क्रम बघितलात? आभार आदल्या रात्री आणि आक्रोश दुसऱ्या दिवशी. जगभरच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं तेव्हा तीच रात्र, तीच भाकर आणि तेच आभार पुन्हा होतात. रिंकार्ट हेच आयुष्यभर वेदीवर करत होता. घरी मुलांच्या ताटापाशी त्याने त्याची छोटी आवृत्ती ठेवली, इतकंच.

आणि मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. उन्हाळ्यात वाळवणं करून ठेवतात ती पावसाळ्याची बेगमी म्हणून. पाऊस कोसळायला लागल्यावर कुणी पापड लाटायला बसत नाही. चाळीस प्रेतांच्या दिवशी कुणालाही नवी प्रार्थना सुचत नाही. सुचू नयेच. तोंडात येतं ते आधीपासून पाठ असलेलं.

फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि त्याचा सोबती सीला यांचंही तसंच झालं असणार. पाठीवर छड्यांचे वळ, पाय खोड्यात, मध्यरात्र, आणि दोघं स्तुती गाताहेत. बाकीचे कैदी कान देऊन ऐकताहेत. मग भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या निखळतात. पळाले का? कुणीच नाही! उलट जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला पौलच ओरडून थांबवतो. पुढे याच गावच्या मंडळीला तो दुसऱ्या कैदेतून पत्र लिहितो. त्यात म्हणतो की चिंता करत बसू नका, जे हवं ते देवाकडे मागा, पण मागताना आभारही माना. दोन्ही एका दमात.

इथे एक शंका तुमच्या मनात आली असेल, आणि ती रास्त आहे. म्हणजे प्लेगबद्दल आभार मानायचे? मेलेल्या बायकोबद्दल? अशा वेळी 'देवाचे आभार मान' म्हणून सांत्वनाला येणारे भेटतात आणि त्यांना दाराबाहेर काढावंसं वाटतं. पण रिंकार्टचं गीत नीट वाचलं तर त्यात दुःखाचे आभार कुठेच नाहीत. दुसऱ्या कडव्यात चक्क मागणं आहे. आनंदी मन आणि शांती दे, सगळ्या संकटांतून सोडव. शिवाय त्या दीडशे स्तोत्रांत अठ्ठ्याऐंशीवं आहे. त्यात उडी नाही, गाणं नाही, आभार नाहीत. ते अंधारातच संपतं. ज्यांनी संग्रह केला त्यांनी त्याला शेवटी दोन गोड ओळी जोडल्या नाहीत, तसंच ठेवलं. या धर्मग्रंथाबद्दल मला आदर वाटायची जी कारणं आहेत, त्यांत हे फार वर आहे.

आयलेनबुर्गची परीक्षा अजून संपली नव्हती. १६३९ च्या फेब्रुवारीत स्वीडिश सैन्य आलं आणि ३०,००० थालरची खंडणी मागू लागलं. कुणाकडून? कावळ्यासाठी भांडणाऱ्या गावाकडून. रिंकार्ट रदबदली करायला गेला, अधिकाऱ्याने हाकलून लावलं. तो परत आला, लोकांना म्हणाला की माणसं ऐकत नाहीत, देवाकडे जाऊ, आणि सगळ्यांना घेऊन गुडघ्यांवर बसला. गाणं, प्रार्थना सुरू झाली. असं सांगतात की तो देखावा पाहून अधिकारी नरमला. खंडणी उतरत उतरत २,००० गुल्डनवर आली. रिंकार्टच्या घरात तेव्हा काय होतं? असेल नसेल ते वाटून बसला होता. स्वतःच्या पोरांच्या भाकरी-कपड्यासाठी त्याने पुढच्या कित्येक वर्षांची मिळकत गहाण टाकली होती.

गीत मात्र गावाबाहेर पडलं. १६४७ साली बर्लिनच्या योहान क्रूगरने आपल्या स्तोत्रसंग्रहात ते चालीसकट छापलं. लहान पोरालाही सहज उचलता यावी अशी ठाशीव चाल, आजही तीच गातात. ज्या सेंट थॉमस शाळेत रिंकार्ट पोरवयात गायला, तिथेच शंभराहून अधिक वर्षांनी संगीतप्रमुख म्हणून कोण आलं? बाख! त्याने १७२५ च्या एका कंटाटात हे गीत गुंफलं. मेंडेल्सोहनने १८४० साली, छपाईच्या शोधाच्या चारशेव्या वर्षी, आपल्या दुसऱ्या सिंफनीत घेतलं, आणि तेही लाइपझिगमध्येच.

आणि १७५७ मध्ये एक विचित्र वळण आलं. ५ डिसेंबरला लॉयथेनच्या लढाईत प्रशियाच्या फ्रीडरिखने ऑस्ट्रियाचा धुव्वा उडवला. त्या रात्री बर्फातून चालताना एका सैनिकाने हे गीत सुरू केलं आणि अख्खं सैन्य त्यात सामील झालं, अशी आठवण प्रशियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. राजा स्वतः देवाधर्माची टिंगल करणारा. आणि युद्धाने वेढलेल्या गावातल्या पोरांच्या जेवणाची प्रार्थना आता विजयी फौजेचं गाणं झाली! मला हे खटकतं. पण पाठ झालेली प्रार्थना कुणाच्या तोंडी जावी, हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

१९५५ च्या ऑक्टोबरातही ते राहिलं नाही. सोव्हिएत छावण्यांत उरलेल्या सुमारे दहा हजार जर्मन युद्धकैद्यांना सोडवायचं ठरलं आणि त्यांच्या गाड्या ग्यॉटिंगेनजवळच्या फ्रीडलांडच्या छावणीत येऊ लागल्या. कैदेत दहा-दहा, बारा-बारा वर्षं काढलेली माणसं. त्यांत साधे शिपाई होते, आणि युद्धातल्या गुन्ह्यांनी हात रंगलेलेही होते. उतरल्यावर त्यांनी एकत्र गायलं ते हेच गीत. शब्दांचे कागद वाटावे लागले नसतील; त्यातल्या बहुतेकांनी ते हिटलरच्याही आधी, शाळेत नाहीतर आईच्या शेजारी चर्चच्या बाकावर बसून पाठ केलेलं असावं.